फाशावरचं ‘अधिक एक’: डाइस मास्टर्समधले बोनस मोजायचे कसे?

मार्व्हलचे रंगीत फासे घेऊन बसलेल्या दोघांचा वाद नशिबावरून क्वचितच होतो. तो होतो बेरजेवरून.

“तुझा हल्ला चार कसा? फाशावर तर तीन लिहिलंय.”
“कार्डावर अधिक एक आहे ना!”
“ते गेल्या पाळीचं. संपलं ते.”
“बरं, मग हे दुसरं बघ. माझे दोन फासे मैदानात आहेत, म्हणजे अधिक दोन.”

इथून पुढे आवाज चढतात, नियमपुस्तिका उघडली जाते, आणि तिच्यातली बारीक अक्षरं वाचण्यापेक्षा भांडण मिटवणं सोपं वाटू लागतं. पण या बोनसांचं गणित तितकं अवघड नाही. कार्डावर ‘+१’ दिसला की लगेच बेरीज करायची नाही, आधी तीन गोष्टी विचारायच्या. हा बोनस कोणाला मिळतोय? किती वेळ टिकणार? आणि तो मिळाल्याने डावात खरंच काही बदलतंय का? तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच.

आधी खेळ काय आहे ते

‘डाइस मास्टर्स’ हा विझकिड्स या अमेरिकन कंपनीचा खेळ. पहिला संच २०१४ साली आला, ‘अ‍ॅव्हेंजर्स व्हर्सेस एक्स-मेन’. रचनाकार माइक एलियट आणि एरिक लँग. त्याआधी २०११ मध्ये याच दोघांनी ‘क्वॉरियर्स’ नावाचा फाशांचा खेळ केला होता, आणि डाइस मास्टर्सचा सांगाडा त्याच्यावरूनच घेतलेला आहे. पुढे यात डीसीचे सुपरहिरो आले, यू-गी-ओ आला, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला.

याला ‘डाइस-बिल्डिंग’ म्हणतात. सुरुवातीला तुमच्या पिशवीत साधेसुधे फासे असतात. खेळता खेळता चांगले फासे विकत घ्यायचे, ते पिशवीत जातात, पुढे कधीतरी हातात येतात. म्हणजे डाव चालू असतानाच तुम्ही स्वतःची पिशवी घडवत असता. ‘डोमिनियन’ने २००८ मध्ये हीच गोष्ट पत्त्यांनी केली होती.

याला ‘कलेक्टिबल’, म्हणजे जमवायचा खेळही म्हणतात, कारण फासे आणि कार्डं बंद पाकिटातून मिळायची. पहिल्या संचाच्या पाकिटात दोन कार्डं आणि दोन फासे असायचे, किंमत ९९ सेंट. त्यातून जमवलेल्या साठ्यातून आठ कार्डांचा संघ निवडायचा, त्यांच्यावर मिळून जास्तीत जास्त २० फासे ठेवायचे आणि समोरच्यापुढे बसायचं. प्रत्येकाचा जीव २०. शिवाय प्रत्येकाला आठ ‘साइडकिक’ मिळतात. हे सगळ्यांचे सारखेच, फुकटचे पांढरे फासे.

आपल्या पाळीला पिशवीतून चार फासे काढायचे, टाकायचे, नको असतील ते एकदाच पुन्हा टाकायचे. जे एनर्जी दाखवतील त्यांच्यावर खरेदी, जे पात्र दाखवतील ते मैदानात. मग हल्ला.

आकडा फाशावर, मजकूर कार्डावर

पात्राच्या फाशाला सहा बाजू: तीन एनर्जीच्या, तीन पात्राच्या. पात्राच्या तीन बाजू म्हणजे त्याच्या तीन लेव्हल. अशा प्रत्येक बाजूच्या कोपऱ्यांत इवलेसे आकडे असतात. वर डावीकडे मैदानात उतरवायचा खर्च, वर उजवीकडे हल्ला, खाली उजवीकडे बचाव. खाली डावीकडे कधी कधी एखाददोन तारे असतात, त्यांना ‘बर्स्ट’ म्हणतात. तो तारा आला की कार्डावरचा जादाचा मजकूर लागू होतो. (चाळिशी पार केलेल्यांनी हा खेळ चांगल्या उजेडात खेळावा. सहाचा आठ दिसतो.)

म्हणजे फाशावर फक्त आकडे. हा कोण आहे, काय करतो, कोणाला बोनस देतो, ते सगळं कार्डावर. बहुतेक घोटाळे या वाटणीतूनच होतात, कारण नजर फाशावर असते आणि नियम टेबलाच्या कडेला पडलेल्या कार्डावर.

पगारपत्रक डोळ्यांसमोर आणा. फाशावरचा आकडा म्हणजे मूळ पगार. तो छापलेला आहे, लेव्हल बदलल्याशिवाय बदलत नाही. बोनस म्हणजे भत्ते. हातात येणारी रक्कम दोन्ही मिळून असते, पण भत्ता कुठल्या नियमाने मिळतो आणि कधी बंद होतो ते वेगळं बघावं लागतं. बदली झाली की घरभाडं भत्ता बदलतो, मूळ पगार तोच राहतो. आणि बढती मिळून मूळ पगार वाढला म्हणून भत्ता आपोआप रद्द होत नाही.

हे शेवटचं वाक्य खेळात अगदी जसंच्या तसं लागू पडतं. समजा तुमच्या लेव्हल एकच्या फाशाला ‘पाळी संपेपर्यंत हल्ला +२’ मिळाला. मग दुसऱ्या एखाद्या क्षमतेने तो फासा फिरवून लेव्हल दोनवर नेला. नवी बाजू, नवा मूळ आकडा, आणि +२ त्याच्यावर तसाच. तोच फासा मैदानातून बाहेर जाऊन परत आला तर मात्र तो कोरा. जुना बोनस त्याच्यामागे येत नाही.

कोणाला: दोन फासे म्हणजे दुप्पट बोनस का नाही?

कार्डावरचे शब्द इथे वकिलासारखे वाचायला लागतात. ‘हा फासा’ म्हणजे तेवढाच एक. ‘निवडलेलं पात्र’ म्हणजे तुम्ही बोट ठेवाल तो फासा. ‘तुमची सर्व पात्रं’ म्हणजे मैदानातले सगळे, आणि त्यात साइडकिकही आले, कारण मैदानात उभा असलेला साइडकिक हे पात्रच आहे. ‘तुमची इतर पात्रं’ म्हटलं असेल तर बोनस देणारा स्वतः वगळून.

आता तो भांडणाचा मुद्दा. अनेक कार्डांची सुरुवात ‘अमुक पात्र मैदानात असताना’ अशा शब्दांनी होते. खेळाच्या भाषेत याला ‘व्हाइल अ‍ॅक्टिव्ह’ म्हणतात. समजा मजकूर असा आहे: हे पात्र मैदानात असताना तुमच्या साइडकिकना हल्ला +१. तुमच्याकडे त्या पात्राचे दोन फासे मैदानात आहेत. साइडकिकना किती?

एकच.

कारण हा मजकूर फाशाचा नसून कार्डाचा आहे, आणि कार्ड एकच आहे. ते फक्त एवढंच विचारतं की माझा निदान एक फासा मैदानात आहे का? उत्तर हो किंवा नाही. दोन फासे आहेत म्हणून ‘हो’ दोनदा होत नाही. प्रत्येक फाशामागे वेगळा बोनस द्यायचा असेल तर कार्ड तसं स्पष्ट सांगतं.

मग दुसरा फासा वायाच का? नाही. तो विमा आहे. पहिला बाद झाला तरी दुसरा मैदानात असेपर्यंत बोनस चालू राहतो. नवखे खेळाडू बोनस दुप्पट होईल म्हणून दुसरा फासा घेतात आणि हिरमुसतात. मुरलेले खेळाडू तोच फासा बोनस तुटू नये म्हणून घेतात. खरेदी सारखीच, हिशोब वेगळा.

दोन वेगवेगळी कार्डं प्रत्येकी +१ देत असतील तर मात्र बेरीज होते. दोन कार्डं, दोन भत्ते.

किती वेळ: पाळी संपेपर्यंत की तो उभा असेपर्यंत?

ढोबळमानाने बोनसांच्या तीन मुदती असतात. अ‍ॅक्शन फासा (ज्यावर पात्राऐवजी एखादी कृती असते) वापरून किंवा एनर्जी मोजून मिळवलेला बोनस साधारणपणे पाळी संपेपर्यंत. ‘मैदानात असताना’वाला बोनस त्याचा मालक मैदानात असेपर्यंत. आणि काही मोजके बोनस पाळी ओलांडून टिकतात. उदाहरणार्थ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१५ च्या संचातला ‘एक्सपिरियन्स’: समोरच्याचा मॉन्स्टर बाद झाला की तुमच्या साहसवीराला हल्ला +१, बचाव +१ असा टोकन मिळतो. तो पाळी संपली म्हणून उतरत नाही.

यातल्या दुसऱ्या प्रकारात एक खाच आहे, आणि ती नीट पाहण्यासारखी आहे.

एवढं लक्षात ठेवा की या खेळात लागलेला मार पाळी संपेपर्यंत पात्राच्या अंगावर राहतो, मग पुसला जातो. आणि अंगावरचा मार बचावाइतका किंवा त्याहून जास्त झाला की पात्र बाद. आता समजा तुमचा एक सरदार मैदानात आहे आणि त्याचं कार्ड म्हणतं, तुमच्या इतर पात्रांना बचाव +१. शेजारी साइडकिक आहे. त्याचा मूळ हल्ला १, बचाव १. सरदारामुळे बचाव झाला २. समोरच्याने एका क्षमतेने साइडकिकला एकाचा मार दिला. २ मधून १, साइडकिक तगला. तुम्ही सुटकेचा श्वास टाकला.

मग त्याच पाळीत त्याने सरदाराला बाद केलं.

सरदार गेला, बोनस गेला, साइडकिकचा बचाव परत १. पण अंगावरचा १ मार अजून आहे. मार बचावाइतका झाला, साइडकिकही बाद. त्याला नव्याने कोणी हातही लावला नाही. हे पहिल्यांदा होतं तेव्हा समोरचा लबाडी करतोय असंच वाटतं. तो लबाडी करत नाही. त्याने फक्त योग्य क्रम निवडला. अशी पाचसहा पात्रं एकाच सरदाराच्या भरवशावर उभी असतील तर एका फटक्यात मैदान रिकामं होऊ शकतं.

बाद झालेले फासे मात्र कायमचे जात नाहीत. ते ‘प्रेप एरिया’त, म्हणजे तयारीच्या जागेत जातात, आणि पुढच्या पाळीला नेहमीच्या चारांबरोबर टाकले जातात.

बोनसने खरंच काही बदललं का?

आता तिसरा प्रश्न. माणसाला वाटतं की +२ हा +१ पेक्षा दुप्पट चांगला. या खेळात ते बहुतेक वेळा खोटं असतं.

असा फासा घ्या (माझ्या मनचा, उदाहरणापुरता) ज्याचा हल्ला तीन लेव्हलना २, ३ आणि ५ आहे. समोर अडवायला उभ्या असलेल्या पात्राचा बचाव ४. बोनस नसेल तर तुमचा फासा लेव्हल तीनला असला तरच ते पात्र बाद होईल. तीनपैकी एक बाजू. हल्ला +१ दिला की आकडे ३, ४, ६. आता दोन बाजू पुरतात. +२ दिला तर ४, ५, ७. तिन्ही बाजू पुरतात. इथे प्रत्येक अधिक एकाने नवी बाजू कामाला आली. उत्तम.

आता समोर बचाव ६ असलेला धटिंगण उभा करा. बोनस नसताना एकही बाजू पुरत नाही. +१ ने लेव्हल तीनचे ६ होतात, एक बाजू पुरते. +२ दिलात तर ४, ५, ७. अजूनही एकच. म्हणजे त्या दुसऱ्या ‘एका’साठी तुम्ही जी एनर्जी मोजली ती पाण्यात. सातातला जादाचा एक कोणाच्याच उपयोगाचा नाही.

याला अपवाद ‘ओव्हरक्रश’ नावाच्या क्षमतेचा. ती असली की अडवणाऱ्याला बाद करून उरलेला मार थेट समोरच्या खेळाडूच्या जिवावर जातो. अशा पात्रावर मात्र वरचा प्रत्येक आकडा कामाला लागतो. म्हणून हल्ल्याचा मोठा बोनस कोणाला द्यायचा असा प्रश्न पडला तर आधी ओव्हरक्रशवाला शोधा.

किंवा ज्याला कोणी अडवलंच नाही तो शोधा. न अडवलेल्या पात्राचा हल्ला सगळाच्या सगळा जिवावर जातो, तिथे काहीच वाया जात नाही. आणि या कारणाने साइडकिकसारख्या फुटकळ फाशांना बोनस फार मानवतो. पाच साइडकिक हल्ल्याला गेले आणि एकालाही अडवलं नाही तर मार ५. सगळ्यांना +१ असेल तर १०, म्हणजे २० पैकी निम्मा जीव एका पाळीत. तोच +१ हल्ला ५ असलेल्या एकट्या महारथीला दिला तर ५ चे ६. ‘सर्व पात्रांना +१’ असं कार्ड वाचताना त्या ‘एका’कडे बघू नका, मैदानातली डोकी मोजा.

बचावाच्या बोनसलाही हाच न्याय. ३ चा मार येणार असताना बचाव २ चा ३ केला तरी पात्र बादच, कारण मार बचावाइतका झाला तरी पुरतो. ४ करता येत नसेल तर तो बोनस देऊच नका. एनर्जी वाचवा.

कधी द्यायचा?

हल्ल्याच्या टप्प्याचा क्रम असा: आधी कोण हल्ला करणार ते जाहीर, मग कोण कोणाला अडवणार ते जाहीर, मग ज्याची पाळी त्याला अ‍ॅक्शन फासे आणि दोघांनाही एनर्जी मोजून मिळणाऱ्या क्षमता वापरायची संधी, शेवटी मार.

कोणी कोणाला अडवलं ते ठरल्यावर आणि मार लागायच्या आधी जी फट आहे, तीच बोनसची खरी जागा. आधीच देऊन ठेवलात तर समोरच्याला दिसतं की हा गडी भारी झालाय. तो त्याला अडवायला दोघं उभे करेल किंवा एखादा साइडकिक बळी देईल. अडवणं ठरून गेल्यावर दिलात तर त्याच्या हातात निर्णय उरलेला नसतो. ‘मैदानात असताना’वाले बोनस अर्थातच लपवता येत नाहीत, ते सगळ्यांसमोर असतात. म्हणून तेवढ्याच आकड्याचा, पण ऐन वेळी देता येणारा बोनस मी नेहमी जास्त मोलाचा धरतो.

“पण शेवटी फासाच ना? सगळं नशीब.”

हा आक्षेप मोठी माणसं हमखास घेतात. अर्धा खरा आहे.

पात्राच्या तीन बाजू, एनर्जीच्या तीन. पात्रच हवं असेल तर पहिल्या टाकण्यात शक्यता निम्मी, आणि नको ते आल्यावर एकदा परत टाकता येतं म्हणून एकूण पाऊण. चारदा प्रयत्न केला तर सरासरीने तीनदा पात्र मिळणार. लेव्हल तीनच हवी म्हणून हट्टाने फासा परत टाकलात तर शक्यता ३६ पैकी ११, म्हणजे तीनातून एकदाही धड नाही. शिवाय त्या हट्टात हातातली लेव्हल दोन सोडून एनर्जी पदरी पडू शकते.

बोनस नेमका इथे उपयोगी पडतो. वरच्या उदाहरणात बचाव ४ च्या पात्रासमोर +२ मिळाल्यावर लेव्हल कुठलीही आली तरी चालत होती. म्हणजे त्या बोनसने नुसता आकडा वाढवला नाही, नशिबाचा तेवढा भाग डावातून काढूनच टाकला. परत टाकायची गरज संपली, आणि ती संधी दुसऱ्या फाशासाठी मोकळी झाली.

दुप्पट करा म्हटलं तर?

बेरजेला क्रम लागत नाही. +२ आधी धरा की −१ आधी, उत्तर तेच. पण ‘हल्ला दुप्पट’ किंवा ‘हल्ला अमुक इतका होतो’ असे शब्द आले की क्रम महत्त्वाचा. मूळ ३ मध्ये २ मिळवून दुप्पट केले तर १०, आधी दुप्पट करून २ मिळवले तर ८.

पत्त्यांच्या ‘मॅजिक’ने याची फार काटेकोर सोय केली आहे. (आपला माइक एलियट डाइस मास्टर्सच्या आधी मॅजिकची रचना करणाऱ्यांपैकी एक होता.) तिथे ‘ताकद अमुक होते’ म्हणणारे परिणाम आधी धरतात, अधिक-उण्याचे त्यानंतर, आणि ताकद व चिवटपणा (तिथला हल्ला आणि बचाव) यांची अदलाबदल सगळ्यात शेवटी. दुप्पट करणं हे तिथे बेरीजच समजतात: त्या क्षणी जितकी ताकद आहे तितकीच आणखी मिळवायची. त्यामुळे ज्याने आधी +२ देऊन मग दुप्पट केलं त्याचे १०, उलट करणाऱ्याचे ८. घरच्या टेबलावर वाद झाला तर निदान हा क्रम दोघांनी मिळून आधी ठरवून घ्यावा, ऐन हल्ल्याच्या वेळी नाही.

दुर्मिळ कार्ड म्हणजे मोठा बोनस?

एका संचात एकाच पात्राची अनेक कार्डं असतात, साधी, मध्यम, दुर्मिळ, अतिदुर्मिळ. फासा मात्र सगळ्यांना तोच. म्हणजे दुर्मिळ कार्ड घेऊन फाशावरचे आकडे वाढत नाहीत. फरक पडतो तो मजकुरात आणि बऱ्याचदा खरेदीच्या किमतीत. दुर्मिळ म्हणजे पाकिटात कमी सापडणारं, जास्त कामाचं असेलच असं नाही. पाकिटांवर पैसे उधळणाऱ्या पोरांच्या आईवडिलांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

तुमचा बोनस समोरच्याच्या हातात

एक गोष्ट राहिली. काही कार्डांच्या तळाशी ‘ग्लोबल’ असं लिहिलेलं असतं: अमुक एनर्जी मोजा, निवडलेल्या पात्राला बचाव +१. ही क्षमता कार्डाच्या मालकापुरती नसते. टेबलावर आलेली ग्लोबल दोघांचीही. आणि आपल्या पाळीत खर्च न केलेली एनर्जी पुढच्या पाळीपर्यंत शिल्लक राहते, त्यामुळे तुमच्या हल्ल्याच्या वेळी समोरचा तीच मोजून तुमच्याच कार्डाने स्वतःचं पात्र वाचवू शकतो.

म्हणून हल्ला जाहीर करण्याआधी त्याच्या पुढ्यात कुठली एनर्जी पडून आहे ते बघा. ढाल (एनर्जीचा एक प्रकार) पडलेली असेल आणि टेबलावर ढाल मोजून बचाव वाढवणारी ग्लोबल असेल, तर त्याच्या प्रत्येक पात्राचा बचाव एकाने जास्त आहे असं धरूनच हिशोब करा. एक ढाल एकाच पात्राला पुरेल हे खरं, पण ते पात्र कुठलं हे तो तुम्ही बोनस वाटून झाल्यावर ठरवणार आहे.